मॉरिशसचा डीएनए मॅच आमच्याच घराण्यातला का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. खापरपणजोबांचे धाकटे भाऊ रत्नागिरीहून मुंबईला आणि तिथून गिरमिटिया (करारावर नेलेले) मजूर म्हणून मॉरिशसला गेले, ते परतलेच नाहीत, असं घरात सांगतात. आता तिथल्या एका ताईंशी माझे ४८ सेंटीमॉर्गन (सामायिक डीएनए मोजायचं एकक) जुळले, सर्वांत लांब सलग तुकडा २१ चा. पण आमच्यात मामेबहिणीशी लग्नं सर्रास व्हायची, त्यामुळे आकडा फुगलाय की काय? ८४ वर्षांची आत्या एक पिढी जवळची, म्हणून तिची चाचणी आधी करावी म्हणतोय (ती विचारते, "थुंकी पाठवायला पैसे कसले?"). ताईंच्या भावाची वाय-डीएनए (बापाकडून मुलाकडे जाणारा डीएनए) चाचणी उपयोगी पडेल का? की मॉरिशसमधल्या मोकाच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमधल्या गिरमिटियांच्या नोंदींत त्या भावाचं गाव नि बापाचं नाव आधी शोधू? कुणी केलंय का असं?