मोटरहोमने युरोप : रस्ता चुकू नये म्हणून काय तयारी करावी?

मासुंदा (ठाणे पश्चिम)

नमस्कार. येत्या मे महिन्याच्या अखेरीस मी, माझे यजमान, सासूबाई आणि आमची १३ व ८ वर्षांची दोन मुले असे पाच जण म्युनिकमध्ये मोटरहोम (आत झोपण्याची व स्वयंपाकाची सोय असलेली गाडी) भाड्याने घेऊन १६ दिवस फिरणार आहोत. म्युनिक, साल्झबर्ग, टिरोल, ब्रेनर खिंडीतून इटलीत बोल्झानो व गार्डा सरोवर, मग मिलानच्या बाजूने गोथार्डमार्गे स्वित्झर्लंड आणि परत म्युनिक असा मार्ग साधारण ठरला आहे. व्हिसा हातात आले आहेत आणि ठाण्याच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय वाहन परवानाही काढून झाला आहे.

माझी काळजी रस्ता शोधण्याविषयी आहे. यजमानांच्या मते मोबाइलवरचा नकाशा पुरेसा आहे आणि वेगळे उपकरण घेणे म्हणजे पैसे वाया घालवणे. मागच्या गणपतीत गुहागरला जाताना याच मोबाइलने चिपळूणच्या अलीकडे आम्हाला एका वाडीच्या पाणंदीत नेऊन सोडले होते आणि तिथून साधी मोटार मागे घेतानाही दोन्ही बाजूंचे गडगे घासले होते. आता जी गाडी मिळणार आहे ती ७ मीटर लांब आणि, चालकाच्या डोक्यावर पलंग असल्यामुळे, ३ मीटरपेक्षा उंच आहे. ज्यांनी अशी गाडी युरोपात चालवली आहे त्यांनी, नेमक्या कोणत्या ठिकाणी नकाशाने फसवले आणि ते कसे टाळता आले असते, हे कृपया सविस्तर लिहावे.

पारसिक_हिल (सीबीडी बेलापूर)

मासुंदाताई, आपली काळजी अगदी रास्त आहे. आम्ही चौघे २०२३ च्या जूनमध्ये जवळजवळ याच मार्गाने फिरलो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

पहिली गोष्ट अशी की मोबाइलवरचा नेहमीचा नकाशा तुम्हाला लहान मोटार समजून रस्ता दाखवतो. तुमच्या गाडीची उंची, रुंदी आणि वजन त्याला कोणी विचारायला लावलेलेच नसते. ठाण्यात किंवा नवी मुंबईत गाडी चालवताना याचा विचार आपल्या मनात येत नाही, कारण उड्डाणपुलाखालची लोखंडी कमान ट्रकवाल्यांसाठी असते आणि आपण तिच्याकडे न पाहताच पुढे जातो. तिकडे मात्र आपणच ट्रकवाले असतो.

गार्डा सरोवराच्या काठच्या एका गावात आमचा मुक्काम होता. मुख्य रस्त्यावर वाहनांची रांग लागली होती, तेव्हा मोबाइलने सात मिनिटे वाचतील असे सांगून आम्हाला डावीकडे वळवले. रस्ता हळूहळू अरुंद होत गेला, दोन्ही बाजूंना दगडी भिंती आल्या आणि समोर जुन्या वेशीची कमान दिसली. तिच्या बाजूला लाल कडा असलेली गोल पाटी होती आणि त्या पाटीत ‘२,६’ असा आकडा, त्याच्या वर एक आणि खाली एक असे दोन काळे त्रिकोण होते. तिकडे दशांशचिन्हाऐवजी स्वल्पविराम लिहितात, त्यामुळे मला क्षणभर ते काय आहे तेच कळले नाही. माझी पत्नी ओरडली तेव्हा आमची २.९ मीटर उंचीची गाडी कमानीपासून जेमतेम दोन हातांवर उभी होती. मागे वळायला जागा नव्हती. सुमारे २०० मीटर गाडी उलटी न्यावी लागली. पत्नी मागे चालत हाताने खुणा करत होती, मुलगा खिडकीतून उजवा आरसा भिंतीला किती जवळ आहे ते सांगत होता आणि एक वृद्ध गृहस्थ आपल्या दारातल्या फुलांच्या कुंड्या एकेक करून उचलून आत ठेवत होते. त्या गृहस्थांचा एकही शब्द आम्हाला कळला नाही, पण त्यांनी आमच्याकडे रागाने पाहिले नाही, हे मी विसरलेलो नाही.

तेव्हा हे पाटीचे चिन्ह घरातल्या सर्वांनी पाठ करावे : त्रिकोण वर आणि खाली असतील तर आकडा उंचीचा, डावीकडे आणि उजवीकडे असतील तर रुंदीचा. गाडी ताब्यात घेताना तिची खरी उंची कागदपत्रांत पाहावी, छतावर वातानुकूलन यंत्र किंवा अँटेना असेल तर त्यासह विचारून घ्यावी आणि कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवावी.

वेगळ्या उपकरणाबाबत माझे मत स्पष्ट आहे : घ्यावे. कॅम्परसाठी वेगळी जीपीएस उपकरणे मिळतात आणि मोबाइलवरही अशी अॅप आहेत, ज्यांत गाडीची उंची, लांबी, रुंदी व वजन भरले की कमी उंचीचे पूल आणि अरुंद रस्ते टाळून मार्ग मिळतो. तरीही त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नये. आम्ही त्या प्रसंगानंतर रोज रात्री जेवण झाल्यावर दुसऱ्या दिवसाच्या मार्गातले शेवटचे ५ किलोमीटर उपग्रहचित्रात पाहू लागलो. महामार्गावर कोणाचे फारसे काही चुकत नाही, जे चुकते ते गावात शिरल्यावर चुकते. उपग्रहचित्रात घरांच्या भिंती रस्त्याला चिकटलेल्या दिसल्या की कॅम्पिंगच्या, म्हणजे मुक्कामाच्या तळाच्या, संकेतस्थळावर येण्याचा वेगळा मार्ग दिला आहे का ते पाहायचो, आणि बहुतेक वेळा तो दिलेला असायचा.

आमची दुसरी चूक नावाची होती. टिरोलमध्ये आमचा मुक्काम सेंट योहानला होता. मी घाईत नाव टाकले, पहिला पर्याय निवडला आणि दीड तासाने लक्षात आले की आपण सेंट योहान इम पोंगाऊच्या दिशेने चाललो आहोत, जेव्हा आम्हाला जायचे होते सेंट योहान इन टिरोलला. एक साल्झबर्ग प्रांतात आहे आणि दुसरे टिरोलमध्ये. पिनकोड टाकला असता तर हे झालेच नसते, कारण पोंगाऊचा ५६०० आहे आणि टिरोलचा ६३८०. जर्मन भाषेच्या प्रदेशात नॉयश्टाट नावाची कितीतरी गावे आहेत आणि फ्रँकफुर्टसुद्धा दोन आहेत, एक माइन नदीवरचे आणि दुसरे पोलंडच्या सीमेलगत ओडर नदीवरचे.

येऊरचा_वारा (ठाणे)

नावांचा विषय निघाला म्हणून सांगतो. २००९ मध्ये एक स्वीडिश दांपत्य काप्री बेटाकडे निघाले आणि उपकरणात दोन अक्षरे उलटसुलट झाल्यामुळे इटलीच्या उत्तरेकडील कार्पी या गावी पोहोचले. तेथील पर्यटन कार्यालयात त्यांनी काप्रीच्या प्रसिद्ध निळ्या गुहेचा रस्ता विचारला तेव्हा खुलासा झाला. काप्री हे बेट आहे आणि वाटेत समुद्र लागायला हवा होता, हे उपकरण सांगणार नाही, ते आपल्याला ठाऊक असावे लागते. म्हणून मी प्रत्येक प्रवासात सबंध प्रदेशाचा एक छापील नकाशा नेतो आणि निघण्यापूर्वी बोटाने मार्ग फिरवून घेतो, म्हणजे वाटेत कोणती मोठी गावे, नद्या आणि खिंडी लागतील ते डोक्यात बसते.

मी स्वतः फ्रान्समध्ये गाडी चालवली आहे. आपल्या मार्गात फ्रान्स नाही, पण पुढे कोणाला उपयोग होईल. तेथे गावाच्या वेशीवर ‘तूत दिरेक्सियाँ’ म्हणजे ‘सर्व दिशांकडे’ अशी पाटी असते. जीपीएस सरळ गावातून जा म्हणत असते आणि पाटी गावाला वळसा घालायला सांगते. मोठी गाडी असेल तर अशा वेळी पाटीचे ऐकावे. समुद्रकिनाऱ्यावरच्या अनेक वाहनतळांच्या तोंडाशी २ मीटरवर आडवा दांडा असतो, तेव्हा वळण्यापूर्वीच वर पाहावे.

नेरूळकर (नवी मुंबई)

वरील दोन्ही सदस्यांनी रस्त्यांबद्दल लिहिले आहे. मी ज्या चुका घरी परतल्यावर कळतात त्यांच्याबद्दल लिहितो.

इटलीतील जुन्या शहरांच्या मध्यभागी मर्यादित वाहतुकीचे क्षेत्र असते, ज्याला तिकडे ‘झेडटीएल’ असे लिहितात. प्रवेशावर कॅमेरा असतो, अडथळा नसतो, त्यामुळे आपण आत शिरलो हे आपल्याला समजतही नाही. आम्ही अशा एका क्षेत्राशी पोहोचलो तेव्हा पाटीखाली दिव्यांच्या अक्षरांत ‘वार्को आत्तीवो’ असे उमटलेले होते आणि आत्तीवो म्हणजे चालू, चालू म्हणजे रस्ता खुला, असा अर्थ मी लावला. प्रत्यक्षात अर्थ नेमका उलटा आहे : नियंत्रण चालू आहे, परवाना नसेल तर आत येऊ नका. ‘नॉन आत्तीवो’ असेल तरच जाता येते. नेरूळला परत आल्यानंतर पाच महिन्यांनी आधी भाड्याच्या कंपनीने माहिती कळवण्याचे शुल्क कार्डावरून कापले आणि नंतर दंडाची नोटीस आली. परदेशी चालकाला अशी नोटीस ३६० दिवसांपर्यंत येऊ शकते. व्हेरोना पाहायचे असेल तर गाडी शहराबाहेर लावून बसने जावे.

ऑस्ट्रियात महामार्गासाठी विनिएट, म्हणजे ठरावीक मुदतीचे टोलचे स्टिकर, घ्यावे लागते. ते १० दिवसांचेही मिळते, पण ब्रेनरच्या ए१३ रस्त्याचा टोल त्यात धरलेला नाही, तो वेगळा भरावा लागतो. स्वित्झर्लंडमध्ये फक्त वर्षभराचेच मिळते आणि त्याची किंमत ४० फ्रँक आहे. हे दोन्ही नियम ३,५०० किलोपर्यंतच्या गाडीसाठी आहेत. त्याहून जड गाडीचे नियम वेगळे आहेत आणि आपला नेहमीचा परवानाही तिथे चालत नाही. या वजनात माणसे, सामान आणि टाकीतले पाणीही येते. पाच माणसे, १०० लिटर पाणी आणि आपली डाळ-तांदळाची पोती भरली की काटा कुठे जातो ते एकदा मोजून पाहावे.

टोल वाचवण्यासाठी नकाशात ‘टोल टाळा’ हा पर्याय मात्र निवडू नये. घोडबंदर रोडवर कोंडी झाली की आपण सेवारस्त्याला उतरतो, ती सवय टिरोलमध्ये चालत नाही. तेथे उन्हाळ्यात शनिवार-रविवारी महामार्ग सोडून गावांतल्या रस्त्यांनी पुढे जाण्यास काही जिल्ह्यांत बंदी असते आणि पोलीस उभे राहून गाड्या परत पाठवतात. स्वित्झर्लंडमध्ये शिरण्यापूर्वी जीपीएसमधली वेग-कॅमेऱ्याची सूचनाही बंद करावी, कारण ती वापरणे तेथे बेकायदा आहे.

मासुंदा (ठाणे पश्चिम)

तिन्ही उत्तरे यजमानांना वाचून दाखवली आणि उपकरण घेण्याचे ठरले. पारसिकदादा, आणखी दोन शंका आहेत. यजमान गाडी चालवत असताना नकाशा मी सांभाळावा की मुलीने? आणि बोल्झानोहून श्टेल्व्हिओचा घाट पाहावा असे यजमानांच्या मनात आहे. आम्ही कसारा घाट नेहमी चढतो, त्यामुळे त्यांना त्यात विशेष वाटत नाही, मला मात्र भीती वाटते.

पारसिक_हिल (सीबीडी बेलापूर)

ताई, श्टेल्व्हिओला या गाडीने जाऊ नये. खिंड २,७५७ मीटर उंचीवर आहे, एका बाजूला ४८ वळणे आहेत आणि त्यांतली कित्येक अशी की ७ मीटरची गाडी समोरच्या मार्गिकेत गेल्याशिवाय वळतच नाही. कसाऱ्याला मार्ग रुंद आहे. शिवाय मे अखेरीस उंचावरचे अनेक घाट बर्फामुळे अजून उघडलेले नसतात. गोथार्डला खालून १६.९ किलोमीटरचा बोगदा आहे, तो बारा महिने चालू असतो. आत जीपीएसचा संकेत जातो आणि बाण एकाच जागी थांबलेला दिसतो, तेव्हा घाबरू नये. बाहेर आल्यावर कुठे वळायचे ते आत शिरण्यापूर्वीच वाचून ठेवावे.

नकाशा आपण सांभाळावा आणि मुलीला पाट्या वाचायला द्याव्यात. डावीकडे बसून चालवणाऱ्या आपल्या माणसाची गाडी पहिले दोन दिवस नकळत उजवीकडे सरकते, म्हणून उजव्या आसनावर बसणाऱ्याने मोबाइलमध्ये मान न घालता कडेवर आणि आरशावर नजर ठेवणे अधिक गरजेचे असते. वळण सांगताना आम्ही ‘इकडे’, ‘तिकडे’ हे शब्द बंद केले होते. राउंडअबाउटवर फक्त ‘तिसरा रस्ता, पाटीवर अमुक गाव’ एवढेच बोलायचे. वळण चुकले तर एक शब्दही न बोलता पुन्हा एक फेरी मारायची. आमच्या घरातले निम्मे वाद त्यानेच मिटले.

सासूबाईंना आधीच एक सांगून ठेवा. इंटरलाकेनहून दक्षिणेकडे जाताना नकाशा आम्हाला कांडरश्टेग या गावच्या रेल्वे स्थानकात घेऊन गेला, तेव्हा माझ्या आईला वाटले की आपण पुन्हा चुकलो. ती चूक नव्हती. तेथे गाड्यांसकट आगगाडीत चढतात आणि पंधरा-वीस मिनिटांत डोंगराच्या पलीकडे गोपेनश्टाइनला उतरतात. काळोखात आपल्याच स्वयंपाकघरातली भांडी किणकिणत होती आणि आई ओट्याशी बसून रामरक्षा म्हणत होती. असा मार्ग नको असेल तर उपकरणात फेरीबोट आणि मोटार-रेल्वे टाळण्याचा पर्याय आहे का ते पाहून घ्यावे, पण शक्य असेल तर हा प्रवास जरूर करावा.

मासुंदा (ठाणे पश्चिम)

मनापासून आभार. लेकीने आजच वहीत मुक्कामांची यादी करून प्रत्येकासमोर पिनकोड लिहायला घेतला आहे आणि सेंट योहान खरोखरच आमच्या यादीत होते.

नेरूळकर (नवी मुंबई)

त्याच वहीत प्रत्येक कॅम्पिंगच्या कार्यालयाची वेळही लिहून घ्यावी. दुपारी अनेक ठिकाणी एक-दोन तास कार्यालय बंद असते, तेव्हा फाटकही उघडत नाही आणि ७ मीटरची गाडी बाहेरच्या अरुंद रस्त्यावर उभी ठेवून वाट पाहावी लागते. आम्ही चार वाजता पोहोचू असा बेत करायचो.