कोलोरॅडोतील शिकारीचा गाईड दुसऱ्याने मारलेल्या एल्कला माझा टॅग लावा म्हणतो, जबाबदारी कोणाची?

ह्यूस्टनकर:
नमस्कार. ऑक्टोबरमध्ये दोन सहकाऱ्यांबरोबर कोलोरॅडोत एल्कच्या (सांबरासारखे थोराड हरीण) शिकारीला जायचे ठरले असून, माझ्या नावाचा परवाना आणि टॅग (मारलेल्या जनावराला लावायची परवान्याची चिठ्ठी) रीतसर निघाला आहे. मात्र काल गाईडने फोनवर सांगितले, की नेम चुकला तरी काळजी नको, त्याचा माणूस एल्क पाडून देईल आणि त्याला माझा टॅग लावला की शिंगांसकट मुंडके टेक्सासला नेता येईल. सगळीच गिऱ्हाइके असे करतात म्हणे. दीड हजार डॉलर आगाऊ दिले आहेत. पकडले गेल्यास अडकणार कोण, तो की मी?

रॉकीजवासी:
दोघेही. कोलोरॅडोत जो मारतो त्याचाच टॅग त्या जनावराला लागतो. जनावर पडताच टॅगवर सही व तारीख घालावी लागते. इथवर हा राज्याचा गुन्हा झाला. परंतु ते मुंडके गाडीत घालून आपण राज्याची सीमा ओलांडलीत, की १९०० सालचा लेसी कायदा (बेकायदा मिळवलेल्या वन्यप्राण्यांची वाहतूक व खरेदी-विक्री रोखणारा संघीय कायदा) लागू होतो आणि प्रकरण संघीय न्यायालयात जाते. आम्ही प्राणी विकत नाही, केवळ वाट दाखवण्याचे पैसे घेतो, असा बचाव गाईड पूर्वी करत आणि त्यावर न्यायालयांचेही एकमत नव्हते. १९८८ च्या दुरुस्तीने ही पळवाट बुजवली. बेकायदा शिकारीसाठी पैसे घेऊन दिलेली सेवा ही आता वन्यप्राण्याची विक्री आणि ती घेणे ही खरेदी मानली जाते. जाणूनबुजून केलेल्या अशा व्यवहारात प्राण्याचे मूल्य ३५० डॉलरहून अधिक असेल, तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आपली आगाऊ रक्कमच त्याच्या चौपटीहून जास्त आहे. शिवाय त्या फोननंतर ‘मला ठाऊक नव्हते’ म्हणण्याची सोय आपल्याला उरलेली नाही.

हे कागदावरच राहते असे समजू नये. कोलोरॅडो-युटा सीमेवर एक गाईड प्यूमा आणि बॉबकॅट (दोन्ही मार्जारकुळातील जंगली प्राणी) आधीच पकडून, कधी पायात गोळी घालून, कधी पिंजऱ्यात कोंडून ठेवत असे आणि गिऱ्हाईक आले की सोडत असे. २०१४ मध्ये त्याला २७ महिन्यांची शिक्षा झाली. त्याचे मदतनीसही दोषी ठरले.

एस्टेसपार्ककर:
एक भर घालतो. आमच्या गावात माणसांना सरावलेला सॅमसन नावाचा एल्क १९९५ मध्ये चोरट्या शिकाऱ्याने मारला. त्याच्या नावाने पुढे झालेल्या कायद्यानुसार, एका बाजूच्या शिंगाला सहा किंवा अधिक टोके असलेला नर बेकायदा मारल्यास नेहमीच्या दंडावर दहा हजार डॉलर जादा भरावे लागतात. आपला गाईड नेमके असेच मुंडके देऊ करत असणार.

नागपूरचा वकील:
आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ मध्ये झालेल्या दुरुस्तीने हौशी शिकारच बंद केली, त्यामुळे परवानाधारक शिकारी गाईड हा प्रकारच संभवत नाही. त्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतील (सर्वाधिक संरक्षणाच्या यादीतील) प्राणी मारल्यास किमान तीन वर्षे कैद आहे, आणि गुन्ह्यात वापरलेली व जप्त झालेली बंदूक आणि जीप सरकारच्या मालकीची होते.

ह्यूस्टनकर:
मनःपूर्वक आभार. बेत रद्द केला. आगाऊ रक्कम परत मिळेल का?

रॉकीजवासी:
त्या राज्यात पैसे घेऊन शिकारीला नेणाऱ्या व्यावसायिकाला नोंदणी, विमा आणि जामीनरोखा बंधनकारक आहे. त्याची नोंदणी आहे का ते प्रथम पाहा, आणि लेखी करार झाला असल्यास त्यातील रद्द करण्याचे कलम वाचा. फोनवरील संभाषण आजच तारखेसह लिहून ठेवा व ‘ऑपरेशन गेम थीफ’ या राज्याच्या तक्रार सेवेला कळवा. तेथे नाव न सांगताही माहिती देता येते.