आशियाईत २४ पदकं आणि टोकियोत भोपळा, नक्की कुठे माशी शिंकली?

दुपारचा_चहा
नमस्कार मंडळी. मुलीला सणस ग्राउंडवर प्रॅक्टिसला सोडायचं आणि तिचं पळून होईपर्यंत बाहेर चहा पीत बसायचं, एवढाच माझा अॅथलेटिक्सशी संबंध, तेव्हा प्रश्न बावळट वाटला तर सांभाळून घ्या. मे २०२५ मध्ये कोरियात गुमीला आशियाई अॅथलेटिक्स स्पर्धा झाली, आपल्याला ८ गोल्ड, एकूण २४ पदकं, चीनच्या खालोखाल दुसरा नंबर. पेपरात फोटोबिटो. आणि चारच महिन्यांनी टोकियोच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला १९ जण गेले ते हात हलवत परत, भालाफेकीत नीरज चोप्रासुद्धा आठवा. बाहेर बसणाऱ्या आम्हा पालकांत यावरून चांगलीच जुंपली. एक काका म्हणतात आशियाईची पदकं म्हणजे निव्वळ खिरापत, दुसरे म्हणतात टोकियोत पोरांनी कच खाल्ली. मला दोन्ही पटेना. खरं काय समजायचं?

भालदार_चोपदार
हात हलवत?? अहो सचिन यादव चौथा आलाय त्याच फायनलमध्ये, तुमच्या काकांनी नीरज बाहेर गेल्यावर टीव्ही बंद केला असणार. ८६.२७ मीटर, तेही पहिल्याच फेकीत, आयुष्यातली बेस्ट. ब्राँझ गेलं अमेरिकेच्या थॉम्पसनला ८६.६७ वर. ४० सेंटीमीटर फक्त! शाळेतली फूटपट्टी आणि वर थोडंसं.
नीरजचं म्हणाल तर त्याची पाठ धरलेली होती, ८४.०३ च्या पुढे भाला जाईना आणि पाचव्या फेकीनंतर बाहेर. याच माणसाने त्याच वर्षी मे महिन्यात दोह्याला ९०.२३ टाकला होता. आणि तो एकटाच नाही, पॅरिसला ९२.९७ टाकून ऑलिम्पिक गोल्ड नेणारा पाकिस्तानचा अर्शद नदीम टोकियोत दहावा आला, मग तोही भित्रा का? जिंकला कोण तर त्रिनिदादचा वॉलकॉट, २०१२ लंडनचा ऑलिम्पिक चॅम्पियन, तेरा वर्षांनी. भालाफेकीचं हे असं असतं, एक दिवस खांदा-पाठ साथ देत नाही आणि संपलं.

गंगापूररोड_ते_नळस्टॉप
आणि सर्वेश कुशारे??? तीनशे जणांच्या ऑफिसात दुसऱ्या दिवशी एकालाही माहीत नव्हतं, मी वेड्यासारखा सगळ्यांना सांगत फिरलो. आमच्या नाशिकचा, निफाडकडच्या देवरगावचा पोरगा, उंच उडीत वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या फायनलला पोचलेला पहिला भारतीय, आणि नुसता पोचला नाही तर २.२८ मारून सहावा, तीही त्याची पर्सनल बेस्ट. गावात मॅट नव्हती तेव्हा मक्याची भुसकटं भरून त्यावर उड्या मारायचा. खिरापत म्हणणाऱ्या काकांना एकदा भुसकटावर पडून बघायला सांगा.

लेन_आठ
भावनेचं ठीक आहे पण मूळ प्रश्न राहिलाच. खिरापत नाही, पण आशियाई आणि वर्ल्ड यात खूपच अंतर आहे हे खरंय. १०० मीटर हर्डल्स घ्या. ज्योती याराजीने गुमीला १२.९६ मध्ये गोल्ड घेतलं. टोकियोला ती दुखापतीमुळे नव्हती, पण तिचं स्वतःचं नॅशनल रेकॉर्ड १२.७८ धरलं तरी टोकियोत स्वित्झर्लंडच्या कंबुंजीने १२.२४ ला गोल्ड नेलं. अर्ध्या सेकंदाहून जास्त, हर्डल्समध्ये म्हणजे सगळी रांग पुढे निघून जाते.
लांब अंतरात उलटी गंमत. गुलवीर सिंगने गुमीला ५००० आणि १०००० दोन्ही जिंकल्या, टोकियोत १०००० मध्ये सोळावा. पण तिथली रेस काही फास्ट नव्हती, जिंकणाऱ्याचा टाइम २८:५५, गुलवीर गुमीला याहून फास्ट पळाला होता! दमट हवेत सगळे एकमेकांकडे बघत पळतात आणि शेवटच्या दोन-तीन लॅपला जी मारामारी होते तिथे आपली माणसं सुटतात. तसली रेस आपल्याकडे पळायलाच मिळत नाही, नॅशनल्सला गुलवीर एकटाच पुढे असतो, ढकलाढकली करायला सोबत कोण?

मांडव्याचा_पावणा
आरं मग आमच्या आष्टीच्या अविनाश साबळेचं कोणी नावच घेईना की. गुमीत ८:२०.९२ ला गोल्ड, ३६ वर्षांनी भारताला पुरुषांच्या स्टीपलचेसचं, म्हंजी अडथळे आन् पाण्याचा खड्डा ओलांडत ३००० मीटर पळायचं. टोकियोत ती रेस कितीला जिंकली माहितीये का, ८:३३! जुलैत मोनॅकोला पडून गुडघा गेला नसता तर सरळ गोल्ड होतं राव.

लेन_आठ
पावणं, आताच काय लिहिलं मी? टाइम बघू नका. ती रेस कासवासारखी निघाली आणि शेवटी न्यूझीलंडच्या बीमिशने मोरोक्कोच्या बक्कालीला सात शतांश सेकंदांनी गाठलं. हा बीमिश म्हणजे १५०० मीटरचा २०२४ चा इनडोअर वर्ल्ड चॅम्पियन, त्याच्याशी शेवटच्या दोनशेला कोण भिडणार? ओरेगॉनला २०२२ च्या वर्ल्डची फायनलही अशीच स्लो झाली, साबळे अकरावा. त्याला जिंकायचं तर पहिल्या लॅपपासून जोरात पळून रेस फोडावी लागते.

मांडव्याचा_पावणा
मग फोडली असती की. ८:०९ पळालेला गडी हाय तो.

लेन_आठ
हे मान्य.

बालेवाडी_स्टँड_क
मी २०१३ ला आपल्या बालेवाडीत होतो, आशियाई इथेच झाली होती, चेन्नईकडून ऐनवेळी पुण्याला आलेली. घरच्या मैदानावर आपण १७ पदकं, त्यात गोल्ड दोनच, विकास गौडाची थाळी आणि बायकांची ४×४०० रिले, एकूण सहावे. स्टँड इतके रिकामे की गौडाला ओरडून चिअर केलं तर आपलाच आवाज आपल्याला ऐकू यायचा. त्या वेळी कोणी म्हणालं असतं की वर्ल्डला उंच उडीत आपला सहावा आणि भालाफेकीत नीरज सोडून आपला दुसराच कोणी चौथा, तर हसलो असतो. काकांना म्हणावं वर्ल्डला २००३ मध्ये अंजू बॉबी जॉर्जचं लांब उडीतलं ब्राँझ आलं आणि त्यानंतरचं पदक यायला २०२२ उजाडलं, ते नीरजचं सिल्व्हर. भोपळ्याची आपल्याला सवय होती. आता राग येतोय हेच नवीन आहे.

दुपारचा_चहा
सगळ्यांना धन्यवाद. आज बाकावर फूटपट्टीचं आणि भुसकटाचं सांगितलं, खिरापतवाले काका गप्प झाले पण कच खाल्लीवाले अजून अडून आहेत. मोठ्या उत्साहाने मुलीलाही सर्वेश कुशारे कोण ते सांगायला गेलो, तर म्हणे बाबा, त्याच्या उड्या आम्ही मोबाईलवर तेव्हाच बघितल्यात, तुम्ही चहा प्या.