मदत हवी आहे : 'सामना' आणि 'सिंहासन'ची पटकथा

नमस्कार मंडळी, मी इंदूरहून. गुलजारांच्या 'आंधी', 'मौसम'च्या पटकथा 'मंजरनामा' म्हणून हिंदीत पुस्तकरूपात निघाल्यात, त्या इथे मिळून जातात. संवाद तर आपल्याला पाठच असतात. खरी गंमत दोन संवादांच्या मधल्या ओळींत. पात्र कुठे उभं आहे, कुणाकडे बघायचं टाळतंय, दृश्य नेमकं कुठे तुटतं. (हल्ली चित्रपट परत लावण्यापेक्षा मी हेच वाचत बसतो. घरचे हसतात, हसू देत.)

आता असंच मराठीत हवंय. 'सामना' (१९७५) आणि 'सिंहासन' (१९७९), दोन्हींची पटकथा विजय तेंडुलकरांची, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं. त्यातही 'सिंहासन' आधी. अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्यांवरून एक चित्रपट! दोन्ही कादंबऱ्या माझ्याकडे आहेत. तेंडुलकरांनी काय उचललं, काय सोडलं, ते शेजारी ठेवून बघायचंय.

या पटकथा कधी छापून आल्या होत्या का? पुण्या-मुंबईकडे कुणाला जुन्या पुस्तकांत किंवा दिवाळी अंकात दिसल्या असतील तर कृपया सांगा. वाचनालयातली प्रत असली तरी चालेल, तिथे येऊन वाचेन.