द व्हील ऑफ टाइम : १४ पुस्तकं वाचावीत का? तुमचे अनुभव सांगा

रद्दीच्या दुकानात रॉबर्ट जॉर्डनच्या या फँटसी मालिकेतलं पहिलं पुस्तक, 'द आय ऑफ द वर्ल्ड', मिळालं, जवळपास आठशे पानांचं, दहा दिवसांत संपवलं. टू रिव्हर्समधली ती खेड्यातली पोरं, एका रात्रीत गावावर पडलेली धाड, आणि मग जे पळणं सुरू होतं ते थांबतच नाही. आवडलं, खरंच आवडलं. पण पुढे अजून १३ आहेत, शिवाय एक पूर्वकथा, आणि ज्याला सांगितलं तो म्हणतो मधे फार रेंगाळते, नादी लागू नकोस. नोकरी आहे, घरी दोन लहान मुलं, वाचायला रात्रीचा तास-दीड तास मिळतो, म्हणजे दोन वर्षं तरी याच मालिकेत जाणार. म्हणून विचारतेय, ज्यांनी पूर्ण वाचलीय, अर्धी सोडलीय, सगळ्यांनीच लिहा. कुठपर्यंत गेलात, का थांबलात, वेळ सार्थकी लागला का. फक्त शेवट सांगू नका प्लीज.

*

१९९९ला सुरू केली, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. तेव्हा ८ पुस्तकं आली होती. मी आणि माझा रूममेट, दोघांनी मिळून घ्यायची ठरवली, विषम नंबरची त्याची आणि सम नंबरची माझी, कारण एकट्याला परवडणारी नव्हतीच. फोर्टच्या फुटपाथवर जाऊन जी मिळतील ती उचलायची. चौथं, 'द शॅडो रायझिंग', माझ्या वाट्याचं, इतक्या वेळा वाचलंय की मधून दोन तुकडे झालेत, रबर लावून ठेवलंय अजून.

नववं आलं २०००मधे, दहावं थेट २००३ला. दोन वर्षं वाट बघून हातात आलेलं पुस्तक आणि त्यात काही घडतच नाही, तेव्हा खूप राग आला होता, खोटं कशाला बोलू. अकराव्यात, २००५ला, गाडी परत रुळावर आली आणि आता एकच पुस्तक राहिलं असं जॉर्डन स्वतः म्हणत होता. मग त्याच्या आजाराची बातमी, आणि सप्टेंबर २००७मधे तो गेला. ऑफिसमधे वाचलं मी ते, आणि कोणाला सांगू कळेना, कारण आजूबाजूला कोणी हे वाचलेलंच नव्हतं. रूममेट तोपर्यंत कॅनडाला गेला होता, त्याला मेल केली, त्याचं उत्तर एका ओळीचं आलं, आता काय करायचं रे.

पण माणसाने जाण्याआधी घरच्यांना बसवून उरलेली गोष्ट सांगून ठेवली होती, नोट्स होत्या, आणि शेवटाचा प्रसंग स्वतःच्या हाताने लिहून ठेवला होता. त्याची बायको हॅरिएट मॅकडूगल, तीच त्याची संपादक, तिने उरलेलं लिहायला ब्रँडन सँडरसन या लेखकाला निवडलं. एका पुस्तकाची तीन झाली, २००९, २०१० आणि जानेवारी २०१३. चौदावं सम म्हणजे माझं, तरी दोन प्रती घेतल्या आणि एक कॅनडाला पाठवली. त्यातलं शेवटच्या लढाईचं एकच प्रकरण दोनशे पानांच्या आसपास आहे, मी ते एका बैठकीत वाचलं, शनिवारी दुपारी चहा घेऊन बसलो आणि उठलो तेव्हा अंधार पडला होता. शेवटचं पान संपल्यावर रूममेटला फोन लावला, तिकडे पहाटेचे चार-साडेचार, तरी उचलला त्याने. त्याचं वाचून व्हायचं होतं, म्हणून शेवटाबद्दल एक अक्षर बोललो नाही, नुसते फोन धरून बसलो.

मला विचाराल तर वाचा. तुम्हाला आमच्यासारखी वाट बघायची नाहीये, सगळी तयार आहेत. दहावं पुस्तक आठवड्यात संपवून अकरावं उघडता येतं, हा फरक लहान नाही.

*

मी दहाव्यालाच सोडली आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही. नवव्याच्या शेवटी एवढी प्रचंड घटना घडते, मी रात्री दोनपर्यंत जागून वाचली, आणि दहाव्यात पानंच्या पानं एकेक पात्र लांबून त्याच घटनेकडे बघत उभं. अंघोळी, कपड्यांचे काठ, कोणी कोणाकडे कसं बघितलं. सातव्यापासूनच वेग कमी झाला होता पण तोपर्यंत चालवून घेतलं. रात्रीचा एकच तास मिळत असेल तर तो माझ्या मते सोन्याच्या मोलाचा आहे. पहिली सहा मात्र वाचाच. सहाव्याच्या शेवटी जी लढाई आहे, ड्युमाइज वेल्स, ती वाचल्यावर जिंकल्याचा आनंद होत नाही, भीती वाटते, आणि ते त्याने मुद्दाम तसं लिहिलंय.

*

वर कपड्यांच्या काठांबद्दल लिहिलंय ते मान्य. नाइनीव ही त्यातली एक नायिका, ती वेणी किती वेळा ओढते त्याला गणती नाही, आणि बायकांची आपसातली भांडणं मला कित्येकदा एकाच साच्यातली वाटली. पण १९९०मधे यायला लागलेल्या गोष्टीत जादू वापरणाऱ्या पुरुषांना वेड लागतं, म्हणून हजारो वर्षं ती ताकद बायकांच्याच हातात राहते, राण्यांना सल्ला देणाऱ्या त्या, राजकारण करणाऱ्या त्या, चुकणाऱ्याही त्याच, हे मला तोपर्यंत कुठेच मिळालं नव्हतं. एग्वेन पहिल्या पुस्तकात सरायवाल्याची पोर असते. बाराव्यात तिला रोज मार बसतो आणि ती झुकत नाही, ती प्रकरणं मी माझ्या फार वाईट दिवसांत वाचली, नोकरीवर मला रोज सगळ्यांसमोर बोलणी बसायची तेव्हा. सकाळी बसमधे दहा पानं वाचायची आणि मग ऑफिसात शिरायचं. माझ्यासाठी तेवढ्यासाठीच चौदा पुस्तकं वसूल आहेत.

*

आपल्याला ही मालिका जरा लवकर जवळची वाटते असं मला वाटतं. कालचक्र, युगं येतात जातात, आठवणींच्या दंतकथा होतात, माणसं परत जन्म घेतात, हे आपण आजीकडून ऐकत आलोय. फरक एवढाच की आपल्या युगांमधे धर्म उतरत जातो, इथे सात युगं नुसती फिरत राहतात. प्रत्येक पुस्तकाचं पहिलं प्रकरण वाऱ्याने सुरू होतं, तो वारा हा आरंभ नव्हता पण एक आरंभ होता असं लिहिलेलं असतं, आणि चौदाव्यात ते वाचताना माझ्या अंगावर काटा आला.

आणि चौथ्यातलं रुइडियन शहर! तिथल्या काचेच्या खांबांमधून नायक रँड चालत जातो आणि प्रत्येक पावलागणिक त्याच्या आणखी जुन्या पूर्वजाच्या डोळ्यांनी बघतो, इतिहास उलटा, नातू आधी आणि आजोबा नंतर. विहिरीच्या पायऱ्या उतरत जावं तसं. लढाऊ म्हणून माहीत असलेली ती जमात मुळात कोण होती ते कळतं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसलो होतो.

*

मी अमेरिकेत, रोज दीड तास ड्रायव्हिंग, सगळी ऑडिओवर ऐकली. मायकल क्रेमर आणि केट रीडिंग, नवरा-बायको आहेत, पुरुषांची प्रकरणं तो वाचतो आणि बायकांची ती. चारशे तासांच्या वर आहे सगळं मिळून. रेंगाळणारी पुस्तकं ऐकताना अजिबात जड जात नाहीत कारण रस्ता तसाही संपायचाच असतो. नावांचे उच्चारही कळतात. मुलं लहान असतील तर स्वयंपाक करताना ऐका, खरंच जमतं.

*

यावरची वेबसिरीज बघून भागवू नका. तीन सीझन झाले आणि २०२५मधे बंदच केली, गोष्ट अर्ध्यावर राहिली. तिसरा सीझन चांगला होता म्हणून जास्त वाईट वाटलं.

*

एक व्यवहारातलं. पूर्वकथा 'न्यू स्प्रिंग' आधी वाचू नका, ती २००४ला आली, मॉइरेन आणि लॅन ही पात्रं ओळखीची झाल्यावरच तिची मजा. नावं विसराल, प्रत्येक पुस्तकाच्या मागे शब्दसूची आहे, पण त्याच पुस्तकाची बघा, पुढच्याची नको, त्यात भेद फुटतात. बाराव्यात मॅट हे पात्र जरा वेगळं बोलायला लागतं, सँडरसनने स्वतः कबूल केलंय की सुरुवातीला तो त्याला नीट जमला नाही. तेराव्यात सावरतो.

*

सगळ्यांचे मनापासून आभार, कॅनडाच्या फोनचं वाचून डोळे भरून आले. मी चौथ्यापर्यंत जाणार हे ठरलं, रुइडियननंतर पुढचं बघू. दुसरं काल घरी आलं, साठ पानं झाली. तिसरं पुण्यात कोणाकडे असेल तर सांगा, कव्हर घालून वाचेन आणि महिन्यात परत करेन.