डॉसचा जुना प्रोग्राम आणि विंडोज 11: जुनं चालू ठेवायचं की सिस्टीम सेफ ठेवायची?

छापखाना_सांगली:
आमचं बिलिंग वडिलांनी करून घेतलेल्या फॉक्सप्रो डेटाबेसच्या डॉस (विंडोजच्या आधीची सिस्टीम) प्रोग्रामवर आहे, गिऱ्हाइकांची सगळी खाती त्यातच. 32 बिट विंडोज 10 वर बिनतक्रार चालायचं. ऑक्टोबर 2025 ला 10 चा सपोर्ट संपला म्हणून नवीन पीसी घेतला, तर 11 वर ते उघडतच नाही. आणि फाँटच्या डाँगलचा (पीसीला लावल्यावरच फाँट चालतात ती लायसन्सची चावी) जुना ड्रायव्हर पण लोड होत नाही, सर्व्हिसवाला म्हणतो मेमरी इंटेग्रिटी (असुरक्षित ड्रायव्हर अडवणारं विंडोजचं सेटिंग) बंद करा. करू का? आणि चालती गोष्ट बंद पाडून मायक्रोसॉफ्टला मिळतं तरी काय?

कर्नलकाका:
दादा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एकत्र करू नका.

डॉसचं कारण प्रोसेसरमध्ये आहे. 32 बिट विंडोज डॉस प्रोग्राम ज्या व्हर्च्युअल 8086 मोडमध्ये (प्रोसेसर जुन्या 8086 सारखा वागतो तो मोड) चालवायचं तो मोड 64 बिटमध्ये मिळतच नाही, आणि 11 फक्त 64 बिटमध्येच येतं. बाकी जुन्या सॉफ्टवेअरसाठी मायक्रोसॉफ्टने खूप केलंय हे मान्य करायला पाहिजे. सिमसिटी गेम सोडून दिलेली मेमरी परत वाचायचा, तर विंडोज 95 मध्ये तो गेम ओळखून त्याच्यापुरती मेमरी वेगळ्या पद्धतीने हाताळायची सोय केली होती.

ड्रायव्हरचं मात्र तसं नाही. प्रोग्राम चुकला तर तो एकटा बंद पडतो, ड्रायव्हर कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यात चालतो, तो चुकला की निळी स्क्रीन येऊन अख्खं मशीन बंद. 19 जुलै 2024 ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने साधारण 85 लाख विंडोज मशीन बसली ती याच्यामुळेच. त्यामुळे एका डाँगलसाठी मेमरी इंटेग्रिटी अजिबात बंद करू नका, विशेषतः ज्या पीसीवर बँकेचं काम होतं तिथे तर नाहीच. फाँटवाल्यांकडे नवीन ड्रायव्हर मागा, नसेल तर जुना पीसी नेट काढून फक्त डीटीपीला ठेवा.

मॅकवाली:
तुमच्याकडे निदान जुनी exe चालते हो. अ‍ॅपलने 2011 ला मॅकच्या लायन व्हर्जनमध्ये पॉवरपीसी या जुन्या प्रोसेसरची अ‍ॅप्स बंद केली, 2019 ला कॅटालिना व्हर्जनमध्ये 32 बिट सगळीच. सिस्टीम सुटसुटीत राहते हे खरंय, पण ज्या सॉफ्टवेअरची कंपनीच बंद झाली त्याच्या फायली उघडायच्या कशात? हा खर्च शेवटी आपल्याच माथी येतो आणि मला ते पटत नाही.

पेंग्विन_नाशिक:
लिनक्सवर पण अर्धंच सुख आहे. कर्नलचा नियम कडक, वापरणाऱ्याचा प्रोग्राम मोडायचा नाही म्हणजे नाही, पण वरच्या लायब्ररी (प्रोग्रामला लागणारे तयार कोडचे भाग) बदलत राहतात आणि जुना प्रोग्राम तिथे अडकतो. म्हणून आता फ्लॅटपॅक या पॅकेजसारखं, लायब्ररी सोबतच घेऊन फिरायचं.
डॉससाठी व्हीडॉस हा प्रोग्राम बघा, 64 बिट विंडोजवर चालतं आणि प्रिंट थेट विंडोजच्या प्रिंटरला देतं. आधी डीबीएफ, म्हणजे फॉक्सप्रोच्या डेटाच्या फायलींची कॉपी काढा, कॉपीवरच ट्राय करा.

छापखाना_सांगली:
कॉपीवर करून बघितलं, प्रोग्राम उघडला, जुनी खाती दिसतायत, बिलाची प्रिंट पण आली, फक्त मार्जिन डावीकडे सरकतंय. मेमरी इंटेग्रिटीला हात लावत नाही. मार्जिनचं कुठे सेट करायचं कुणी सांगेल का?