ऑपरेशन थिएटरमधील (ओटी) चमूला सिम्युलेशन-प्रशिक्षण (कृत्रिम प्रसंग उभा करून सराव) सक्तीचे असावे का?

भूलतज्ज्ञ (धागाकर्ती):
२००५ मध्ये इंग्लंडमध्ये ३७ वर्षांच्या इलेन ब्रॉमिली सायनसच्या नेहमीच्या शस्त्रक्रियेसाठी दाखल झाल्या. भूल दिल्यावर श्वासनलिकेत नळी जाईना, ऑक्सिजनही पोहोचेना. एका परिचारिकेने ट्रॅकिऑस्टमीचा (गळ्याला छेद देऊन श्वासासाठी वाट करण्याचा) संच आणून ठेवला, दुसरीने आयसीयूत खाट सांगून ठेवली. अनुभवी डॉक्टर मात्र नळी घालण्याच्याच खटपटीत अडकून पडले आणि त्यांना ठामपणे थांबवणे कोणालाच जमले नाही. काही दिवसांनी इलेन यांचा मृत्यू झाला. तिथे ना कौशल्याची वानवा होती, ना साधनांची. म्हणूनच सर्जन, भूलतज्ज्ञ आणि परिचारिकांनी मॅनिकिनवर (रुग्णाच्या जागी वापरल्या जाणाऱ्या पुतळ्यावर) असा प्रसंग एकत्र हाताळणे आणि नंतर त्यावर मोकळेपणाने बोलणे सक्तीचे व्हावे, असे माझे मत आहे.

सर्जन:
घटना चटका लावणारी आहे, पण सक्तीसाठी पुरावा हवा. २०१३ च्या अमेरिकी प्रयोगात शस्त्रक्रियेतील आणीबाणीसाठीची तपासणी यादी हाताशी असताना आवश्यक टप्पे सुटण्याचे प्रमाण २३ वरून ६ टक्क्यांवर आले खरे. मात्र तो प्रयोगच सिम्युलेशनमधला होता आणि श्रेय यादीचे होते. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांचा २०१० चा अभ्यास नेहमी पुढे केला जातो. तेथे प्रशिक्षित रुग्णालयांत मृत्युदर १८ टक्क्यांनी घटला, इतरत्र ७ टक्क्यांनी. पण त्या प्रशिक्षणाचा भर शस्त्रक्रियेआधीच्या व नंतरच्या चर्चेवर होता, मॅनिकिनवर नव्हे.

भूलतज्ज्ञ:
आक्षेप रास्त आहे. महागडे मॅनिकिन हवेच, असा माझाही हट्ट नाही. परंतु आपल्याकडे नर्सिंग होममध्ये भूलतज्ज्ञ बाहेरून येतो, एका दिवसात दोन-तीन ठिकाणी जातो आणि समोरच्या सिस्टरचे नावही त्याला ठाऊक नसते. त्याच ओटीत अर्ध्या तासाचा सराव घेतला, तर आणीबाणीच्या औषधांचे कपाट कुलूपबंद आहे आणि किल्ली घेऊन इन्चार्ज सिस्टर घरी गेल्या आहेत, एवढे तरी रुग्ण टेबलावर येण्यापूर्वी कळेल!

ओटी परिचारिका:
सरावात आम्हाला ‘बोला, बोला’ म्हणतात. दुसऱ्या दिवशी खऱ्या शस्त्रक्रियेत ‘सर, सॅच्युरेशन (रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण) उतरतंय’ म्हटले की ‘मला दिसतंय’ असे उत्तर मिळते, कारण सरावाला सर्जन सहसा फिरकलेलेच नसतात. सक्ती करायचीच असेल तर आधी त्यांना करावी.

सर्जन:
सर्जनने हजर राहावे, हे मान्य. मात्र उपस्थिती परवान्याच्या नूतनीकरणाशी जोडली, की प्रमाणपत्रांचा बाजार सुरू होईल. शिवाय त्या वेळेपुरती ओटी बंद ठेवण्याचा खर्च दहा खाटांच्या रुग्णालयाने कुठून भागवायचा, याचे उत्तर अद्याप कोणी दिलेले नाही.